‘ऐकणे’ आणि आज्ञापालन : पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती जीवनातील एक प्रश्न

‘मूल ऐकत नाही’ असे मराठीत म्हटले, म्हणजे त्याच्या कानात दोष आहे असा अर्थ होत नाही. ते सांगितल्याप्रमाणे वागत नाही, एवढेच सुचविले जाते. हिब्रू भाषेतील ‘शामा’ या धातूतही श्रवण आणि आज्ञापालन हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. संस्कृतातील ‘शुश्रूषा’ म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. पुढे तो शब्द सेवेचा वाचक झाला. ख्रिस्ती जीवनात ईश्वरी मार्गदर्शनास अनुसरणे म्हणजे काय, याचा विचार करताना हा अर्थसंबंध उपयोगी पडतो. कारण आज्ञा पाळण्यापूर्वी ती कोणाची, हे ऐकणाऱ्यास ओळखावे लागते. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात हाच प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. नवदीक्षिताने चर्चच्या शिकवणुकीपुढे नम्र व्हावे, अशी तेथील भगिनीसंघाच्या सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी आपल्या शंका निर्भीडपणे मांडल्या. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या या पत्रव्यवहारावरून दिसते की, जेराल्डिन यांस जो अहंकार वाटला, तोच रमाबाईंच्या दृष्टीने सदसद्विवेकाशी प्रामाणिकपणा होता. ईश्वराची आज्ञा त्यांस मान्य होती. तिचा अर्थ सांगण्याचा मक्ता केवळ धर्माधिकाऱ्यांकडे असावा, हे मान्य नव्हते.

तथापि, रमाबाई केवळ नकारावर थांबल्या नाहीत. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांपर्यंत आपणांस ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त नव्हे, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ च्या आपल्या ‘साक्षी’त दिली आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात मातापिता व भगिनी गमावलेल्या या विदुषीने १८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन शेकडो निराधार मुलींस आश्रय दिला. हे कार्य त्यांनी ईश्वरी प्रेरणेचे पालन म्हणूनच केले. केडगावच्या मुक्ती मिशनचा विस्तार त्यातूनच झाला.

येथे एक अडचण नोंदविणे अगत्याचे आहे. १८८९ साली स्थापन झालेल्या शारदा सदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसत. त्यावरून १८९३ साली वाद माजला आणि रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार संस्थेपासून दूर झाले. प्रार्थनेची सक्ती नव्हती, हे रमाबाईंचे म्हणणे. आश्रितेची निवड खरोखर स्वतंत्र असते काय, ही टीकाकारांची शंका. ही शंका केवळ द्वेषमूलक म्हणून सोडून देता येत नाही. वाँटेज येथे रमाबाई ज्या स्थानी होत्या, त्याच स्थानी येथे त्यांच्या विद्यार्थिनी होत्या.

या पार्श्वभूमीवर त्यांच्या बायबल-भाषांतराचे महत्त्व ध्यानी येते. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी भाषांतर त्यांस संस्कृतप्रचुर वाटे; अल्पशिक्षित स्त्रीस कळेल अशी साधी मराठी त्यांनी योजिली. मृत्यूपूर्वी पूर्ण झालेला हा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. संस्कृत पांडित्याबद्दल ‘सरस्वती’ ही पदवी मिळविणाऱ्या लेखिकेने ही भाषा निवडावी, यात केवळ शैलीचा प्रश्न नव्हता. जे वचन पाळावयाचे, ते मध्यस्थावाचून स्वतः ऐकता यावे, ही सोय त्यांनी इतर स्त्रियांस करून दिली. आपल्या शिकवणुकीचीही पारख करण्याचे साधन त्यायोगे त्यांनी त्या स्त्रियांच्या हाती ठेवले, असे म्हणावयास हरकत नाही.