खाच जुळली, तरी

बडोद्याच्या मांडवीपासून चार रस्ते निघतात आणि लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर व गेंडीगेट या दरवाजांकडे जातात. गुणपत्रकांच्या ऐन धांदलीत त्यांतल्याच एका रस्त्यावरील दुकानातून मी माझ्या २०१४ सालच्या लॅपटॉपसाठी रॅमची पट्टी घेतली. खोबणीत ती नेमकी बसली. यंत्र मात्र सुरूच होईना. मी पडलो इतिहासाचा शिक्षक. कारण इतिहासातच शोधू लागलो.

एक ट्रान्झिस्टर व एक धारित्र यांत माहितीचा एक कण साठवण्याच्या युक्तीचे पेटंट रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळाले. पुढे अनेक कारखाने अशी स्मृती घडवू लागले, तेव्हा सर्वांसाठी एक माप ठरविणे भाग पडले. जेडेक या संस्थेने २००० साली डीडीआरचे माप जाहीर केले. २००७ साली तिसरी पिढी आली, २०१२ साली चौथी, २०२० साली पाचवी. भलती पट्टी आत शिरूच नये, म्हणून पिढी बदलली की मधली खाचही सरकविली जाई. लॅपटॉपच्या तिसऱ्या पिढीच्या पट्टीला २०४ संपर्कबिंदू, तर चौथीला २६०.

घोटाळा झाला तो २०१० साली. दीड व्होल्टऐवजी १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३एल ही उपजात आली, आणि तिची खाच जुनीच राहिली. ही नवी पट्टी बहुधा जुन्या यंत्रातही चाले. परंतु केवळ १.३५ व्होल्ट पुरविणाऱ्या यंत्रात जुनी पट्टी चालण्याची शाश्वती नव्हती. दुकानदार आणि मी, दोघेही खाचेवर विसंबलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्याने पट्टी बदलून दिली. तिच्या चिठ्ठीवर ‘पीसी३एल’ असे बारीक छापले होते. पहिलीवर तो ‘एल’ नव्हता.