वैशाखऱ्याचे रान आणि अब्बांची हिशेबाची वही

माझे अब्बा भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात मेहताजी होते. पस्तीस वर्षे त्यांनी हिशेब लिहिले, ते उर्दू आकड्यांत. मागच्या वर्षी एका कामासाठी जुनी वही दाखवायची वेळ आली. टेबलापलीकडच्या माणसाने ती दोन बोटांनी उचलली आणि म्हणाला, "हे परदेशी आकडे इथे चालणार नाहीत." काम पुढे झाले, ते सोडून द्या. पण माझा दहा वर्षांचा मुलगा शेजारी उभा होता. घरी येताना रिक्षात त्याने विचारले, "अम्मी, नानांचे आकडे परदेशी आहेत?"

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. उत्तर मला ठाऊक होते. पण काही उत्तरे सांगण्यापेक्षा दाखवलेली बरी. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सगळे कल्याण-मुरबाड रस्त्याने वैशाखऱ्याला निघालो.

वैशाखरे हे माळशेज घाटाच्या अलीकडचे गाव. गावाच्या थोडे पुढे नाणेघाटाची पायवाट रानात शिरते. पूर्ण चढायला दोन-अडीच तास लागतात आणि शेवटचा चढ दमवतो. पण सुरुवातीची वाट अगदी घरगुती आहे. साग, ऐन, पळस, पायाखाली वाळलेली पाने, आणि झाडांच्या फटीतून समोर नानाचा अंगठा नावाचा तो सरळ उभा कडा. मुलाला वाटले, हा कडा त्याच्याच नानांच्या नावाचा. अब्बांनीही ते नाकारले नाही, उलट अंगठा वर करून फोटो काढून घेतला. अर्धा तास चाललो, झाडाखाली डबे उघडले आणि परत फिरलो. अब्बांच्या गुडघ्यांना तेवढेच झेपणारे होते.

मग गाडीने माळशेज चढून वळसा घेतला. वाटेत पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी लागते, आणि पुढे चावंडच्या बाजूला माणिकडोहचा, म्हणजे कुकडी नदीवरच्या धरणाचा फुगवटा. धाकटी "तलाव, तलाव" म्हणत खिडकी सोडत नव्हती. घाटघरच्या पठारावर गाडी लावली की नाणेघाटाचा माथा दोन पावलांवर येतो. तिथून दगडी नाळेने थोडे खाली उतरले की लेणे. हे अब्बांनाही जमले.

माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. घाटातून जाणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असे सांगतात. मी तिथेच मुलांचा तास घेतला. मराठीतला 'जकात' हा शब्द आला कुठून? आपण रमजानात जी जकात देतो, तोच हा अरबी शब्द. आपल्याकडे ते दान राहिले, मराठीत तो मालावरचा कर झाला. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. त्या सातवाहनकालीन कराला आज मराठी माणूस ज्या नावाने ओळखतो, ते नाव समुद्रापलीकडून आले आहे. कुणाला ते परके वाटत नाही, आणि वाटूही नये.

लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख कोरला आहे. तो साधारण इ.स. पूर्व पहिल्या शतकातला मानतात. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिच्याशी तो जोडला जातो. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. त्या गेल्या, वरची नावे तेवढी उरली. लेखात यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. १७०० गायी, १० हत्ती, २४४०० कार्षापण अशी. अब्बा हसून म्हणाले, "अरे, ये तो बहीखाता है!"

खरेच आहे. आणि या वहीखात्याचे मोल त्यातल्या आकड्यांमुळे फार मोठे आहे. आपल्या आजच्या अंकांच्या पूर्वजांचे जे अगदी जुने कोरीव पुरावे भारतात आहेत, त्यांत नाणेघाट येतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात इथल्या अंकचिन्हांचा अभ्यास केला. इथे एकासाठी एक आडवी रेघ आहे, दोनासाठी दोन. शून्य नाही. २४४०० लिहायचे तर वीस हजार, चार हजार आणि चारशे यांची वेगवेगळी चिन्हे एकापुढे एक मांडली आहेत. अंकाच्या जागेवरून त्याची किंमत ठरवण्याची युक्ती आणि शून्य या गोष्टी पुढच्या शतकांतल्या.

ती युक्ती मग प्रवासाला निघाली. इ.स. ६६२ मध्ये सिरियातला ख्रिस्ती विद्वान सेव्हेरस सेबोख्त याने भारतीयांच्या नऊ चिन्हांच्या गणिताची स्तुती केली. इ.स. ८२५ च्या सुमारास बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने हिंदी गणनपद्धतीवर पुस्तक लिहिले. आज ते लॅटिन अनुवादातूनच ओळखले जाते, आणि 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्याच नावावरून पडला. उत्तर आफ्रिकेत शिकलेल्या इटालियन फिबोनाचीने १२०२ मध्ये हे अंक युरोपला समजावले. युरोपने त्यांना अरबी अंक म्हटले. अरब मात्र त्यांना 'अरकाम हिंदिया', म्हणजे हिंदी अंक म्हणत आले.

अब्बांनी लगेच पुस्ती जोडली, "म्हणून तर उर्दूत अंकाला हिंदसा म्हणतात, हिंदवरून!" मला त्यांना थांबवावे लागले. 'हिंदसा' हा शब्द फारसी 'अंदाज'च्या कुळातला आहे, हिंदशी त्याचा संबंध नाही. त्यांना ते आवडले नाही. पण आपल्या बाजूचा म्हणून कच्चा पुरावा वापरायचा नसतो. आपल्यातही काही जण अभिमानाने सांगतात की अंक अरबांनी शोधले. तेही बरोबर नाही. अरबांनी ते घेतले, घासूनपुसून वापरले, पुढे पोचवले आणि कोणाकडून घेतले ते लिहून ठेवले. हा प्रामाणिकपणा काही कमी मोलाचा नाही.

पक्का पुरावा तर रोज वर्गात फळ्यावर असतो. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण संख्या आली की हात उलटा फिरतो आणि आकडे डावीकडून लिहिले जातात, अगदी मराठीसारखे. उर्दूतले दोन आणि तीन जरा आडवे करून पाहा, मराठीतले २ आणि ३ ओळखू येतील. उलट मराठीतली 'रक्कम' घ्या. ती अरबीतल्या 'रकम'वरून आली, ज्याचे अनेकवचन अरकाम, म्हणजे आकडे. आकडे इथून गेले, त्यांचा हिशेब ठेवण्याचे शब्द तिकडून आले. हिशेब, जमा, खर्च, बाकी यांतला एकही शब्द काढून कुठल्या दुकानदाराने वही लिहून दाखवावी.

संध्याकाळी परतताना अब्बांनी नेहमीप्रमाणे खिशातली छोटी वही काढून दिवसाचा खर्च मांडला. मुलगा वाकून बघत होता. पूर्वी तो ती वही पाहून तोंड फिरवायचा. या वेळी म्हणाला, "नाना, सात कसा लिहायचा ते दाखवा."

तुम्हीही मुलांना घेऊन जा. पावसाळ्यात निसरडे असते, हिवाळ्यात जा. पाणी बरोबर ठेवा, कचरा परत आणा, आणि भिंतीवरच्या अक्षरांना हात लावू नका. दोन हजार वर्षे टिकलेला हिशेब आहे तो, आणि तो आपल्या सगळ्यांचा आहे.