मुंबईची मुलगी, टास्मानियाचा जन्म

सत्तरी ओलांडलेले चार मित्र एकत्र बसले की गप्पांची गाडी तीन स्टेशनं घेते. पहिलं गुडघे, दुसरं पेन्शन आणि तिसरं, म्हणजे टर्मिनस, आमच्या वेळचे सिनेमे. आमच्या चौकडीत एक बँकवाले, एक प्रोफेसर, एक वकील आणि मी. कुणी जुना नट वारल्याची बातमी आली की आम्ही रीतसर सुतक पाळतो. सुतक म्हणजे दुसरा चहा. २०२१ च्या जुलैत दिलीपकुमार गेले तेव्हा तिसराही झाला होता, आणि बँकवाल्यांच्या घरच्या वहिनींनी तो न कुरकुरता केला होता, यावरून दिलीपकुमार किती मोठे होते ते ओळखावं.

त्या दिवशी विषय निघाला १९६६ च्या ‘दिल दिया दर्द लिया’चा. वकील म्हणाले, ते सगळं ‘वदरिंग हाइट्स’वरून घेतलेलं. तोच धागा पकडून प्रोफेसर म्हणाले, “आणि १९३९ च्या इंग्रजी चित्रपटातली नायिका आपल्या मुंबईची!”

“कोण, मर्ल ओबेरॉन?” बँकवाले उसळले. “अरे, ती टास्मानियाची. आमच्या वडिलांच्या मासिकात तसं छापलेलं होतं.”

वडिलांच्या मासिकात छापलेलं म्हणजे आमच्या पिढीला वेदवाक्य. पण प्रोफेसरांचं बरोबर होतं. मर्ल १९११ साली मुंबईत जन्मली. घरचं नाव क्वीनी, आडनाव थॉम्पसन. वडील रेल्वेतले इंग्रज, आईकडचं मूळ सिलोनचं, मिश्र रक्ताचं. त्या काळच्या भाषेत अँग्लो-इंडियन, म्हणजे साहेबांच्या क्लबात नेटिव्ह आणि नेटिव्हांच्या गल्लीत साहेब. पुढे कुटुंब कलकत्त्याला गेलं. तिथल्या नामांकित शाळेत तिला शिष्यवृत्ती मिळाली, पण मुलींच्या टोमण्यांमुळे शाळा सोडावी लागली. विशीच्या आत तिने बोट पकडली. १९३३ च्या आठव्या हेन्रीवरच्या चित्रपटात अॅलेक्झांडर कोर्डा यांनी तिला राणी अॅन बोलीनची छोटी भूमिका दिली. राणीचं डोकं त्यात लवकरच उडतं, पण मर्लचं नाव मात्र झालं.

आता नाव झालं की गाव विचारतात. ही चौकशी काय आपल्याकडेच होते असं नाही. मग प्रसिद्धीखात्याने तिला एक जन्मगाव मिळवून दिलं: टास्मानियातलं होबार्ट. ब्रिटिश साम्राज्यातलं, गोऱ्या वस्तीचं, आणि इतकं लांब की तपासायला जातो कोण!

“शुद्ध फसवणूक,” वकील म्हणाले. मग स्वतःच थांबले. कारण त्यांना थिंद खटला आठवला. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानी माणसाला देशात वस्तीला यायलाच बंदी केली होती. त्याआधीच तिथे पोचलेले भगतसिंग थिंद नावाचे शीख गृहस्थ नागरिकत्वासाठी कोर्टात गेले. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पंडितांच्या पुस्तकांत हा मनुष्य कॉकेशियन असेलही, पण रस्त्यावरचा सामान्य माणूस त्याला ‘गोरा’ म्हणणार नाही, सबब अर्ज नामंजूर. ही दारं जराशी किलकिली झाली ती १९४६ साली. सिनेमाचे नियम आणखी निराळे. गोऱ्या आणि काळ्या माणसांतलं प्रेम पडद्यावर दाखवायची मनाई, आणि तिची झळ आशियाई नटांनाही लागे. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’ची नायिका चिनी शेतकरीण. चिनी वंशाची नामवंत नटी अॅना मे वाँग हाताशी असताना ती भूमिका गोऱ्या लुईझ रायनरला मिळाली, आणि वर ऑस्करही. म्हणजे चिनी बाईला चिनी बाई होता येईना, मग मुंबईच्या बाईला इंग्रज नायिका कोण होऊ देणार?

तेव्हा मर्ल खोटं बोलली. आणि १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी तिचं ऑस्करला नामांकन झालं. २०२३ मध्ये मिशेल योह यांचं नामांकन झालं तेव्हा वर्तमानपत्रांना मोठी पंचाईत पडली. आशियाई वंशाची पहिली नायिका म्हणावं तर मर्ल आड येते. शेवटी ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली’ अशी पाचर मारून घेतली. गेल्यावरही बाई नोंदवह्यांना त्रास देतेच आहे.

गंमत अशी की त्याच १९३५ साली आपल्या मुंबईत ‘हंटरवाली’ लागला. त्यातली चाबूक ओढणारी नादिया म्हणजे मेरी इव्हान्स, जन्म १९०८, गाव पर्थ, देश ऑस्ट्रेलिया! म्हणजे खरी ऑस्ट्रेलियन मुंबईच्या पिटातल्या शिट्ट्या घेत होती आणि खरी मुंबईकर ऑस्ट्रेलियन होऊन हॉलिवुडात मिरवत होती. पोस्टमनने दोन पाकिटांची अदलाबदल केल्यासारखंच हे. नादियाचे सोनेरी केस आणि निळे डोळे कुणी लपवले नाहीत. पुण्यात जन्मलेल्या रुबी मायर्स बगदादी ज्यू, त्यांची ‘सुलोचना’ झाली (आपल्या मराठी सुलोचनाबाई वेगळ्या), आणि १९७३ सालचा फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. आपले दिलीपकुमार तरी कोण? युसूफ खान.

“बघा, आपण किती मोठ्या मनाचे!” बँकवाले खूष झाले.

“गोऱ्यांच्या बाबतीत,” प्रोफेसर म्हणाले.

यावर कुणी बोललं नाही. बोलणार काय? गव्हाळ हा शब्द मराठीत शेतापेक्षा लग्नाच्या जाहिरातींतच जास्त पिकला. गोरेपणाच्या एका नामांकित क्रीमने २०२० साली आपलं नाव बदललं, पण नाव बदलल्याने मागणी बदलते असं आमच्या चौकडीत कुणालाच वाटत नाही. चौघांनीही मुलांची लग्नं जमवलेली आहेत.

तेवढ्यात तिसरा चहा घेऊन वहिनी आल्या. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “अहो भावोजी, पण हिची आई कुठे होती?”

प्रोफेसरांनी चहा खाली ठेवला. आई, म्हणजे शार्लट, मर्लच्याच घरी होती. वर्ण सावळा. पाहुणे आले की ती लेकीची दाई म्हणून वावरायची. १९३७ साली ती गेली. आणखी एक पदर पुढे उलगडला. मुंबईचा जन्मदाखला सांगतो की शार्लट ही खरं तर आजी. जन्म दिला तो तिच्या मुलीने, कॉन्स्टन्सने, अगदी अजाण वयात. अब्रू झाकायला आजी आई झाली, थोरली बहीण म्हणून वाढली ती खरी आई, आणि लेक मोठी झाल्यावर आजीची पुन्हा मोलकरीण झाली.

नादियाचीही एका आईशी गाठ होती. होमी वाडिया आणि तिचं प्रेम जुनं, पण होमींच्या आईला ही सून मान्य नव्हती. दोघं थांबली. ‘हंटरवाली’नंतर तब्बल सव्वीस वर्षांनी, १९६१ साली, लग्न लागलं. पडद्यावर धावत्या रेल्वेच्या टपावर मारामारी करणारी बाई सासूपुढे मात्र थांबली. आपल्याकडच्या कुठल्याही सुनेला हे पटेल.

मर्लची चार लग्नं झाली. कोर्डा ‘सर’ झाले तेव्हा ती लेडी कोर्डाही झाली. दुसरा नवरा ल्युसियन बॅलार्ड छायाचित्रकार. मोटार अपघातात चेहऱ्यावर राहिलेले व्रण दिसू नयेत म्हणून त्याने कॅमेऱ्याशेजारी एक खास दिवा लावला. त्या दिव्याला अजून ‘ओबी’ म्हणतात. बायकोच्या व्रणांसाठी दिवा शोधणारा नवरा, ही मला त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट वाटते.

१९७८ साली होबार्टने आपल्या या तथाकथित माहेरवाशिणीचा सत्कार ठेवला. टास्मानियात तोवर तिच्या जन्माच्या आठवणी सांगणारे लोकही तयार झाले होते; कुणी तिला स्थानिक चिनी आईची मुलगी ठरवलं होतं. सत्काराच्या वेळी बाईंनी आपला जन्म इथला नव्हे असं सांगितलं आणि प्रकृतीचं कारण देऊन निघून गेल्या. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, त्या वारल्या. मुंबई पूर्णपणे उघड झाली ती १९८३ च्या चरित्रात.

वकिलांनी त्या संध्याकाळी निकाल दिला नाही. मलाही देता येत नाही. कायदा खोटा, समाज खोटा, त्यात एकट्या मुलीने खरं बोलावं असा आग्रह आपण गच्चीवर चहा पिताना धरू शकतो. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १९४९ साली मर्लने एका जुन्या फोटोवरून शार्लटचं तैलचित्र काढून घेतलं. चित्रकाराला सांगितलं, वर्ण जरा उजळ करा. जिला पाहुण्यांपुढे आई म्हटलं नाही, तिला मग दिवाणखान्यात मानाने लावलं. घरं बदलली, नवरे बदलले, पण ती भिंतीवर अखेरपर्यंत राहिली. फक्त गोरी होऊन.