माऊसची हजेरी



गावोगावच्या पुष्कळ शाळांतून आता संगणकाची खोली झाली आहे. कुठे दोन यंत्रे, कुठे दहा. यंत्र जुने झाले की तालुक्याहून कारागीर येतो. आतला मदरबोर्ड बदलतो, नवी डिस्क घालतो, कधी बाहेरची पेटीही नवी बसवतो, आणि 'झालं काम' म्हणून निघून जातो. दुसऱ्या दिवशी पडदा उजळतो खरा, पण पडद्यावरचा बाण काही हलत नाही. माऊस तोच, टेबल तेच. काल चालत होता आणि आज यंत्र त्याला ओळखसुद्धा दाखवीत नाही! मग 'माऊस गेला' असे म्हणून तो अडगळीत पडतो. नव्याची मागणी वर जाते, आणि ती मंजूर होईपर्यंत पोरांचा तास बुडतो. गंमत अशी, की नवा आणला तरी पुष्कळदा तोही चालत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार.

हे असे का होते? ते समजून घ्यावयाचे तर या लहानशा वस्तूचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. माऊसने आपण आलो हे यंत्राला कळवायचे कसे, या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी बदलत गेली, आणि आपल्या आजच्या अडचणीचे मूळ त्या बदलांत आहे.

माऊसचा जनक डग्लस एंगलबार्ट. जन्म १९२५ चा, अमेरिकेतील ओरेगन प्रांतातला. दुसऱ्या महायुद्धात तो आरमारात रडारचे काम शिकला. रडारच्या पडद्यावर ठिपके उमटतात, तशीच अक्षरे आणि चित्रे पडद्यावर उमटवून माणसाला यंत्राशी काम करता येईल, हा विचार पुढे त्याच्या मनात रुजला. जगापुढचे प्रश्न गुंतागुंतीचे होत चालले आहेत, तेव्हा माणसांनी एकत्र बसून ते सोडवावे आणि त्या कामी यंत्राने हात द्यावा, हा त्याचा ध्यास होता. पण पडद्यावर 'हे इथे' असे बोट दाखवायचे कशाने? कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत त्याने निरनिराळी साधने घेऊन चाचण्या केल्या. प्रकाशाची लेखणी होती, उभा दांडा होता, गुडघ्याने हलवायचे एक साधनही होते. १९६४ साली त्याचा सहकारी बिल इंग्लिश याने त्याच्या आराखड्यावरून एक लाकडी ठोकळा तयार केला. खाली एकमेकांना काटकोनात दोन चाके, वर एक बटण आणि मागे वायरची शेपटी. ती शेपटी पाहून कोणीतरी त्याला 'उंदीर' म्हटले आणि नाव चिकटले. प्रथम कोण म्हणाले, हे खुद्द एंगलबार्टलाही पुढे आठवेना.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे सुमारे एक हजार जाणकारांपुढे एंगलबार्टने नव्वद मिनिटे हे सारे करून दाखविले. १७ नोव्हेंबर १९७० रोजी पेटंटही मिळाले. त्याच सुमारास जर्मनीत टेलिफुंकन कंपनीने चाकांऐवजी गोळीवर चालणारे असेच साधन स्वतंत्रपणे बाजारात आणले होते.

आता ध्यानात घ्या. त्या दिवसांत 'माऊस सापडत नाही' ही तक्रार उद्भवण्याचे कारणच नव्हते. ठराविक यंत्र आणि त्याच्यासाठीच केलेला ठराविक माऊस. घरचा बैल घरच्याच गोठ्यात, त्याला हजेरी कशाला विचारायची? १९७३ चा झेरॉक्सचा अल्टो आणि १९८४ चा ॲपलचा मॅकिंटॉश यांचीही गोष्ट अशीच. ज्याने यंत्र घडविले त्यानेच माऊसची जागा आधी ठरवून ठेवलेली.

खरी कटकट सुरू झाली ती आयबीएमच्या पीसीपासून. हे यंत्र १९८१ साली आले तेव्हा त्यात माऊसला जागाच नव्हती. पाहुणा मागाहून आला, तेव्हा त्याला कुठे बसवायचे? १९८३ साली मायक्रोसॉफ्टने माऊस काढला, त्यासोबत यंत्राच्या आत खोचायचे एक वेगळे कार्ड दिले. शिवाय यंत्राचे लक्ष वेधून घ्यायला एक 'हाक' लागे. देवळाच्या घंटेला दोरी असते ना, तशा त्या पीसीत हाकेच्या आठच दोऱ्या होत्या. एक घड्याळाची, एक कीबोर्डची, एक फ्लॉपीची. उरलेल्यांपैकी एक मोकळी पाहून माऊसला द्यायची, आणि त्यासाठी कार्डावरची बारीक टोपी एका खिळ्यावरून काढून दुसऱ्यावर बसवायची.

दुसरा मार्ग सीरियल पोर्टचा. याची युक्ती मोठी नामी होती. या पोर्टात वीज देणारी वेगळी तार नसे, म्हणून माऊस इशाऱ्याच्या तारांतूनच आपल्यापुरती थोडी वीज उचली. यंत्राने एक इशारा खाली करून पुन्हा वर केला की माऊस जागा होई आणि 'एम्' हे एकच अक्षर उलट पाठवी. गुरुजींनी नाव पुकारावे आणि मुलाने 'हजर' म्हणावे, तसे. ते अक्षर आले नाही, तर गैरहजेरी लागली.

मग गैरहजेरी का लागे? एक उदाहरण घ्या. सीरियल पोर्ट चारपर्यंत असू शकत, पण त्यांना हाकेच्या दोऱ्या दोनच. पहिल्या आणि तिसऱ्या पोर्टाची दोरी एक, चौथ्या क्रमांकाची. दुसऱ्या आणि चौथ्याची एक, तिसऱ्या क्रमांकाची. पहिल्या पोर्टावर माऊस सुखाने नांदत असे. एके दिवशी घरात टेलिफोनच्या तारेवरून निरोप नेणारा नवा मोडेम येई आणि तिसऱ्या पोर्टाची जागा घेई. मोडेम बोलू लागला की माऊस गप्प! एकाच दोरीवर दोघे ओढ घेत. अशा वेळी माऊस बदलून काय होणार? माऊस चांगला, मोडेमही चांगला. घोडं पेंड खात होतं ते वाटणीत.

२ एप्रिल १९८७ रोजी आयबीएमने पीएस-टू ही नवी यंत्रे आणली आणि माऊसला स्वतःचे गोल, सहा पिनांचे घर मिळाले. भाऊबंदकी मिटली. पण या घराचा एक नियम कडक होता. यंत्र सुरू होताना हजेरी व्हायची ती एकदाच. माऊस स्वतःची तपासणी करी, 'ठीक आहे' असा संकेत देई आणि त्याचे नाव लागे. उशिरा आलेल्याला बहुधा दाराबाहेरच राहावे लागे. यंत्र चालू असताना पिन काढली-घातली, तर बोर्डावरचा बारीक फ्यूज जाण्याचाही धोका असे. शिवाय कीबोर्डची आणि माऊसची पिन दिसायला अगदी सारखी. यंत्र उघडून पुन्हा जोडताना त्यांची अदलाबदल हमखास व्हायची. म्हणून पुढे हिरवे घर माऊसचे आणि जांभळे कीबोर्डचे, अशी खूण ठरली. जुन्या यंत्रांत ती आजही दिसते.

आता आपल्या ओळखीच्या यूएसबीकडे वळू. वेगवेगळ्या पिना, वेगवेगळी कार्डे आणि दोऱ्यांची वाटणी, ही सगळी कटकट एकदाची संपवावी म्हणून १९९४ च्या सुमारास सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. या कामात इंटेलमधील ज्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता, त्यांत अजय भट्ट हे प्रमुख. त्यांचे शिक्षण झाले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. गायकवाडांचे बडोदे मराठी माणसाला परके नाही, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

यूएसबीची हजेरी कशी होते? पिनेत चार तारा. दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या. माऊस जोडला की बोलण्याच्या एका तारेवरचा विजेचा दाब तो किंचित वर उचलून धरतो. ही त्याची दारावरची थाप. मग यंत्र त्याला एक क्रमांक देते आणि विचारते, 'तू कोण? कोणत्या कंपनीचा? काम काय?' माऊस आपली माहिती सांगतो. ती माहिती घेऊन यंत्र आपल्या पदरचा दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, शोधते. दुभाषी भेटला की बाण हलू लागतो. हे सारे एक-दोन सेकंदांत होते आणि यंत्र चालू असतानाही होते.

मात्र नवी रीत म्हणजे निर्वेध रीत नव्हे. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या समक्ष त्यांच्या सहकाऱ्याने नव्या विंडोज ९८ ला एक स्कॅनर यूएसबीने जोडला, आणि भर सभेत पडदा निळा होऊन यंत्र बंद पडले. सभागृहात हशा पिकला. जिथे खुद्द घरच्या कार्यात असे विघ्न येते, तिथे आपल्या शाळेत आले तर कोणी ओशाळून जाऊ नये.

परंतु आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळची घटना २०१५ सालची आहे. विंडोज सेव्हन ही प्रणाली २००९ च्या ऑक्टोबरात आली. तिच्या मूळ तबकडीत यूएसबीच्या तिसऱ्या पिढीचा दुभाषी नव्हता. तेव्हा अडचण पडली नाही, कारण बोर्डावर जुन्या पिढीची व्यवस्थाही असे. २०१५ मध्ये इंटेलने नवे प्रोसेसर आणि त्यांच्यासोबतचा नवा चिपसंच आणला आणि ती जुनी व्यवस्था काढून टाकली. लोकांनी हौसेने नवा बोर्ड घेतला, ओळखीची विंडोज सेव्हन त्यावर घालायला बसले आणि पाहतात तो काय! बायोसच्या पडद्यावर कीबोर्ड चालत होता, पण तबकडीतली प्रणाली सुरू होताच माऊस आणि कीबोर्ड दोन्ही मुके. 'पुढे चला' हे बटण समोर दिसते आहे, पण दाबायचे कशाने? ज्यांच्या बोर्डावर ते जुने गोल पीएस-टूचे घर शिल्लक होते, त्यांचे निभावले. बाकीच्यांना दुसऱ्या यंत्रावर बसून तबकडीत नवा दुभाषी मिसळून घ्यावा लागला. त्यासाठी बोर्ड करणाऱ्यांनी पुढे साधनेही दिली.

या एका घटनेत निदानाची किल्ली आहे. बायोसमध्ये चालले याचा अर्थ वीज पोचत होती, तारा शाबूत होत्या, पोर्टही जिवंत होता. प्रणालीत गेल्यावर बंद पडले याचा अर्थ दुभाषी नव्हता. म्हणजे शोधायच्या जागा तीनच. वीज, वाट आणि दुभाषी. याच क्रमाने शोधावे.

पहिली वीज. माऊस उलटा करून पाहावा. खालचा दिवा लागतो का? काहींचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा नुसता अंधार पाहून निकाल देऊ नये. तोच माऊस दुसऱ्या चांगल्या यंत्राला लावून पाहावा. तिथे चालला तर माऊस निर्दोष, त्याला अडगळीत टाकू नये. बिनतारी असेल तर आधी बॅटरी पाहावी.

दुसरी वाट. पेटीच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या एका केबलने बोर्डाला जोडलेले असतात. पेटी किंवा बोर्ड बदलताना ती केबल जोडायची राहून जाते, आणि हे फार वेळा घडते. म्हणून माऊस मागच्या बाजूला, थेट बोर्डाच्या पोर्टात लावावा. मागे चालला आणि पुढे नाही, तर दोष त्या केबलचा. केबल जोडण्याआधी मुख्य वीज बंद करून पिन भिंतीतून काढावी. बिनतारी माऊसचा बारीक रिसीव्हर नव्या वेगवान यूएसबी डिस्कच्या अगदी शेजारी असेल, तर त्या डिस्कचा गोंगाट त्याच्या लहरींत मिसळतो आणि बाण अडखळतो. त्याला दूरच्या पोर्टात हलवावे.

तिसरा दुभाषी. माऊस नसताना कीबोर्डवर काम चालते. विंडोजची कळ दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' असे इंग्रजीत टाइप करावे आणि एंटर दाबावे. टॅब आणि बाणांच्या कळांनी यादीत फिरता येते. पिवळी खूण ज्या नावापुढे दिसेल, तिथे दुभाषी अडला आहे. ॲक्शनच्या यादीतील 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' हे कलम दाबले की यंत्र नव्याने हजेरी घेते. तरी खूण गेली नाही, तर बोर्ड ज्या कंपनीचा तिचाच ड्रायव्हर घालावा. तोवर बाण हलवायचा असेल, तर डावीकडची आल्ट, डावीकडची शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकदम दाबून एंटर दाबावे, म्हणजे उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण हलतो. आकड्यांचा वेगळा भाग असलेला कीबोर्ड मात्र हवा.

आणखी एक सांगणे. कारागीर आला की सगळे एकदम बदलून घेण्याची आपल्याला घाई असते. तसे करू नये. एक वस्तू बदलावी, यंत्र चालू करावे, माऊस आणि कीबोर्ड हलवून पाहावेत, मगच दुसरीला हात घालावा. काय बदलले ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे. चार महिन्यांनी दुसरा कारागीर आला, तर त्या वहीवरून अर्ध्या तासात निदान होईल. शक्य तर दोन-तीन वरच्या वर्गांतली मुले जवळ उभी करावीत आणि वही त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी. 'चालत नाही' म्हणून हात झाडण्यापेक्षा 'कुठपर्यंत चालते' असे विचारायला ती शिकतील, आणि ही सवय विहिरीच्या पंपापासून शेतातल्या पिकापर्यंत सगळीकडे उपयोगी पडेल.

एंगलबार्ट २ जुलै २०१३ रोजी वारला. माणसांनी मिळून विचार करावा, हे त्याच्या खटाटोपाचे मूळ होते. लाकडी ठोकळा हे केवळ साधन. आपल्या शाळेतला तास एखाद्या सुटलेल्या केबलपायी बुडू नये, एवढे जपले तरी त्या मूळ हेतूला आपण धरून राहिलो असे म्हणता येईल.