जर-तरचा इतिहास आणि उदगीरची वाट



इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, हे वाक्य मी तीस-बत्तीस वर्षे वर्गात उच्चारीत आलो. आज त्याच वाक्याविरुद्ध बोलण्यासाठी मी आपल्यापुढे उभा आहे, आणि त्यामागे थोडे प्रायश्चित्त आहे.

माझा जन्म भालकी तालुक्यातला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. आमच्या सोयरिकी उदगीरकडच्या, बाजारही उदगीरचाच. वडील ओट्यावर बसले की त्यांचे बोलणे ‘रेघ जरा अलीकडे पडली असती तर’ येथून सुरू होई आणि तेथेच संपे. त्या बोलण्याचा मला लहानपणीच कंटाळा आला होता. पुढे बखर-वाङ्मयावर प्रबंध लिहिताना मी जे घडले तेवढेच पाहायचे, असा जणू नेमच करून घेतला. ई. एच. कार यांनी १९६१ च्या आपल्या व्याख्यानांत जर-तरच्या प्रश्नांना करमणुकीच्या खेळात जमा केले होते. तो आधार मला पुरेसा वाटे.

अशा माणसाच्या हाती डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आली ती निव्वळ चुकीने. ग्रंथालयात पुस्तक चाळताना मथळ्यात ‘पानिपत’ दिसले म्हणून मी ते घरी आणले. शेजवलकरांचा ग्रंथ वाचलेल्याला ते नाव सोडवत नाही. पाहतो तो विज्ञानकथा! मी विज्ञानकथा वाचत नसे. ही मात्र एका बैठकीत वाचली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली.

कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर एका निराळ्याच हिंदुस्थानात जाऊन पडतात. तेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली आहे आणि मराठे जिंकले आहेत. मुंबईत मात्र ईस्ट इंडिया कंपनी अद्याप नांदते आहे. पंत ग्रंथालयात जाऊन बखर उघडतात आणि इतिहास नेमका कोठे वळला ते शोधतात. त्यांच्या या शोधाने मला जिंकले. गोळीचा मार्ग बदलण्याची कल्पना कोणालाही सुचेल, पण ती बदललेली ओळ बखरीत शोधायला अभ्यासकच लागतो. नारळीकरांनी त्या जगाचे सुवर्णयुग करून टाकले नाही, हेही मला मोलाचे वाटते. तेथील श्रोते अध्यक्षीय भाषणांना इतके विटलेले आहेत की आझाद मैदानावरच्या सभेत पंत रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात तेव्हा त्यांची धडगत राहत नाही. (आपण अजून शांत आहात, हे माझे भाग्य.)

हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. पानिपतानंतर लोकांच्या मनाने भाऊसाहेबांचा मृत्यू स्वीकारला नाही. तोतया उभा राहिला, कोकणातील किल्लेही काही काळ त्याच्या हाती गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. माझ्या मते लोकांनी स्वतःसाठी रचलेली ती जर-तरची कथाच होती. फक्त तिच्यात खरी माणसे मेली. पाश्चात्त्यांकडे दोन हजार वर्षांपूर्वी लिव्हीने सिकंदर रोमवर चालून आला असता तर काय, याचा विचार केला. १९३१ मध्ये चर्चिल यांनी तर गेटिसबर्गची लढाई जनरल ली यांनी जिंकली आहे, असे धरून निबंध लिहिला.

मात्र प्रत्येक ‘जर’ सारख्या वजनाचा नसतो. बीदरला महमूद गवानचा १४७२ चा मदरसा पाहताना ‘गवान मारला गेला नसता तर बहमनी राज्य टिकले असते’ असे हमखास ऐकू येते. १४८१ मध्ये बनावट पत्रावरून त्याला मारले, वर्षभरात सुलतानही गेला, आणि पुढे राज्याची पाच शकले झाली, हे खरे. परंतु दख्खनी आणि परदेशी सरदारांचे वैर त्यापूर्वीच हाडीमासी खिळलेले होते. ते पत्र नसते तर दुसरे निमित्त मिळाले असते. तेथे ‘जर’ फार काळ उभा राहत नाही.

उदगीरची गोष्ट निराळी. फेब्रुवारी १७६० मध्ये भाऊसाहेबांनी तेथे निजामाला नमवले आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख मिळवला. त्या विजयाने भाऊंचे नाव झाले, आणि मार्चमध्ये परतूरहून तेच उत्तरेच्या मोहिमेवर निघाले. निजामाच्या पदरी पूर्वी असलेला इब्राहिमखान गारदी तोफखान्यासह त्यांच्याबरोबर होता. पानिपतची वाट आमच्या बाजाराच्या गावावरून गेली आहे.

एका विद्यार्थ्याने बखरीवरील निबंधात नेमके येथेच बोट ठेवले होते. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर पडले. उदगीरचा निर्णायक दिवस ३ फेब्रुवारी. मध्ये चोवीस दिवस. ती बातमी दक्षिणेत आधी पोहोचती, तर भाऊ निजामाला तसाच सोडून उत्तरेकडे वळले असते का, की रघुनाथरावांनाच धाडले असते, असे त्याने विचारले होते. मी त्या पानावर तांबडी रेघ मारली आणि ‘कल्पनाविलास’ असा शेरा दिला. त्यानंतर त्याने वर्गात प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

गेल्या वर्षी तो बीदरच्या बसस्थानकावर भेटला. उदगीरच्या अलीकडे शेती करतो. मी त्या निबंधाचा विषय काढला, तर ‘सर, वही आहे अजून’ म्हणाला. पंधरा दिवसांनी वही घेऊन घरी आला. तारखा बिनचूक होत्या. जासुदांच्या मजलांचा हिशेबही त्याने समासात मांडला होता, आणि तोच मी त्या वेळी वाचला नव्हता. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघे तो हिशेब पुन्हा करीत बसलो. शेवटची उदगीरची बस निघून गेली, म्हणून तो रात्री आमच्याकडेच राहिला.