इंजिन बसताना

मंडळी, परवा नातवाने नवी मोटरसायकल घेतली. हार घालून झाला, चाकाखाली लिंबू ठेवून झाले, पेढे वाटून झाले आणि स्वारी लगेच आंबोलीला निघाली. मी म्हणालो, "अरे, आधी इंजिन बसू दे." तो म्हणाला, "आजोबा, हल्ली तसलं काही नसतं." त्याचे निम्मे बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहायला बसलो.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला जावा तयार होऊ लागली, एस्कॉर्ट्सची राजदूत आली, आकुर्डीत बजाजने इटलीच्या पियाजिओशी करार करून स्कूटर काढल्या. १९७२ मध्ये चेतक आली. पण परवाना पद्धतीमुळे किती गाड्या बनवायच्या यावर सरकारची मर्यादा होती. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. गाडी आयुष्यात एकदाच व्हायची, त्यामुळे तिच्याबरोबर आलेले पुस्तक लोक पोथीसारखे वाचत. नवी गाडी कोणी मागितली तर "रनिंगमध्ये आहे" एवढे सांगितले की पुरे, समोरचा रागावत नसे.

हे 'रनिंग' म्हणजे काय? सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक आडव्यातिडव्या रेघा ठेवलेल्या असतात, तेल धरून ठेवायला. डोळ्यांना ती भिंत गुळगुळीत वाटली तरी तिला सूक्ष्म उंचवटे असतात. पिस्टनवरच्या नव्या रिंगा आधी या उंचवट्यांनाच टेकतात. ते हळूहळू झिजले की रिंग भिंतीला सगळीकडून सारखी लागते. यालाच इंजिन बसणे म्हणायचे. तोवर घर्षण जास्त, म्हणून उष्णताही जास्त. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. फार तापले की पिस्टन सिलिंडरमध्येच आवळला जातो. टू-स्ट्रोकला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच, म्हणून सुरुवातीला तेल थोडे जास्त घालत.

हे सगळे मी वर्गात मुलांना उष्णतेचे प्रसरण शिकवताना सांगत असे. स्वतः मात्र पाळले नाही.

१९७९ च्या मे महिन्यात हिच्या पाटल्या गहाण ठेवून मी टू-स्ट्रोक मोटरसायकल घेतली. पुस्तकात पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत ताशी ४० ची मर्यादा होती. तीनशे झाले नसतील, तोच मेहुणे म्हणाले, "चला, सावंतवाडीहून आंबे आणू." नाही म्हणवेना. नव्या गाडीची ऐटही होतीच. परतताना मागे मेहुणे, त्यांच्या मांडीवर आंब्याची पेटी, डोक्यावर ऊन आणि पुढे आंबोलीचा घाट. एसटीला मागे टाकायचे म्हणून मूठ पूर्ण पिळली. वरच्या वळणाअलीकडे मागचे चाक एकदम अडले. क्लच दाबला म्हणून पडलो नाही.

कोल्हापूरला उद्यमनगरात मेस्त्रींनी सिलिंडर उतरवला. पिस्टनवर उभे ओरखडे होते. त्यावर बोट फिरवत ते म्हणाले, "मास्तर, बसायच्या आधीच घाटाला घातलासा व्हय?" रिबोर झाले, मोठ्या मापाचा पिस्टन पडला आणि पुन्हा पहिल्यापासून रनिंग सुरू. घरी मी सांगितले, "कारखान्यातूनच पिस्टन खराब आला होता." पाटल्या सोडवायला आणखी एक वर्ष लागले. त्या वर्षी हिच्या धाकट्या बहिणीचे लग्न होते. ही बेन्टेक्सच्या बांगड्या घालून मांडवात वावरली.

आता नातवाचे निम्मे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक घरोघरी पोचली. धुराचे नियम कडक झाले तशा टू-स्ट्रोक मोटरसायकली या शतकाच्या सुरुवातीला बाजारातून गेल्या. आता सिलिंडर फार अचूक घासलेला असतो, तेलही चांगले. शिवाय गाडी फार जपून चालवणेही वाईटच, कारण रिंग भिंतीला दाबली जाते ती जळलेल्या वायूच्या दाबाने. तो दाबच मिळाला नाही तर भिंतीला नुसती चकाकी येते आणि इंजिन पुढे तेल खाते. म्हणून वेग कमी-जास्त करत राहावा, मूठ पूर्ण पिळू नये, चढाला गिअर उतरवावा. नातवाच्या पुस्तकातही पहिल्या हजार किलोमीटरचे पान आहे. मी त्याला ते उघडून दाखवले. २०२० पासून चेतक पुन्हा मिळते, पण विजेवरची. तिला पिस्टनच नाही, म्हणजे हे पानही नाही.

संध्याकाळी नातवाचा आंबोलीहून फोन आला. म्हणाला, "आजोबा, हळूच आलो हं." खरे-खोटे तोच जाणे. त्याच्या वयात, नव्हे त्याच्याहून मोठ्या वयात, मी काय केले ते वर लिहिलेच आहे.

पिस्टन कारखान्यातून खराब आला नव्हता. हे घरात आजवर कोणाला सांगितले नाही. मेहुणे वारले. ही रोज रात्री माझा लेख सुनेकडून वाचून घेते. आज जेवणाआधी मीच वाचून दाखवणार आहे.