देवगावचा तह

देवगावचा तह हा नागपूरचे दुसरे रघूजी भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १७ डिसेंबर १८०३ रोजी अचलपूरजवळील देवगाव येथे झालेला तह होय. याने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील भोसल्यांचा अंमल संपून तो मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद परिसर याच वऱ्हाडात मोडतो.

== पार्श्वभूमी ==

मराठे, निजाम व इंग्रज यांचे परस्परसंबंध या काळात प्रत्येकाच्या धोरणबदलाबरोबर पालटत गेले. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत गव्हर्नर जनरल सर जॉन शोर याने तटस्थता पत्करली. पराभूत निजाम साहजिकच फ्रेंच सेनानी रेमंडच्या कवायती फौजेवर विसंबू लागला. फ्रान्सशी युद्ध चालू असताना इंग्रजांना हे परवडणारे नव्हते. १७९८ मध्ये आलेल्या लॉर्ड वेलस्लीने तटस्थता सोडली, निजामाशी तैनाती फौजेचा करार केला आणि फ्रेंच पलटणी मोडल्या. मराठ्यांचा जुना प्रतिस्पर्धी अशा रीतीने इंग्रजांच्या छत्राखाली गेला.

पुढे यशवंतराव होळकरांकडून पुण्याजवळ पराभव झाल्यावर दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून तोच मार्ग धरला. शिंदे व भोसले यांनी त्यास विरोध केला. होळकर मात्र अलग राहिले, आणि हीच मराठ्यांची मोठी चूक ठरली. असई (२३ सप्टेंबर १८०३) व अडगाव (२९ नोव्हेंबर) येथील पराभवांनंतर १५ डिसेंबरला गाविलगडही पडला.

== अटी ==

भोसल्यांनी कटक प्रांत कंपनीस दिला. गाविलगड व नरनाळा त्यांच्याकडेच राहिले. इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील लोकांना चाकरीत न ठेवण्याचे त्यांनी मान्य केले. निजाम वा पेशवे यांच्याशी तंटा झाल्यास इंग्रजांनी मध्यस्थी करावी, असेही ठरले. मुलूख गेला त्यापेक्षा हे कलम अधिक जाचक होते, कारण शेजाऱ्याशी स्वतंत्रपणे बोलण्याचा अधिकारच त्याने आकसला.

== परिणाम ==

१८०५ मध्ये वेलस्लीस परत बोलावण्यात आले. खर्चाला कंटाळलेल्या कंपनीने माघारीचे धोरण घेतले व शिंद्यांना ग्वाल्हेर परत मिळाले. वऱ्हाड मात्र निजामाकडेच राहिले. हैदराबाद कंटिंजंटच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुसद तालुका पुढे वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये तो यवतमाळ जिल्ह्यास जोडण्यात आला.